डार्क मोडवाला

डार्क मोडवाला मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांत आढळतो. तहसील कचेरीजवळचे ऑनलाइनचे दुकान हे त्याचे ठाणे. तो घरी मराठी बोलतो, फॉर्म हिंदीत भरतो आणि कॉम्प्युटर काळा ठेवतो. ही जात फार जुनी नाही. २०१६ मध्ये विंडोज १० च्या सेटिंग्जमध्ये 'डार्क'चा पर्याय आला, २०१९ मध्ये अँड्रॉइड आणि आयफोनवर, आणि तेव्हापासून ती फोफावली. ऐंशीच्या दशकातले बरेच मॉनिटर काळेच होते, वर हिरवी अक्षरे. पण शोध आपल्या पिढीचा, असे त्याचे ठाम मत.

दुसऱ्याच्या मशीनपुढे बसला की तो विचारत नाही. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, कलर्स, डार्क. काम फत्ते! दुसऱ्या दिवशी पंचायतीचा सचिव मशीन बिघडली म्हणून त्यालाच फोन करतो.

कारणे तो दोन सांगतो: बॅटरी आणि डोळे. तिसरे सांगत नाही, ते म्हणजे काळ्या पडद्यापुढे खसऱ्याची, म्हणजे जमिनीच्या नोंदीची, नक्कल काढणाराही पाठमोरा प्रोग्रामर दिसतो. बॅटरीची बचत खरी, पण ओलेड पडद्यावर. तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. तिथेही पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजले, तर ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर सरासरी ३ ते ९ टक्केच बॅटरी वाचली. दुकानातला मॉनिटर एलसीडी, त्याच्या मागचा दिवा कोणत्याही थीममध्ये जळतोच. शिवाय वायर भिंतीतल्या प्लगमध्ये आहे. बॅटरी कोणाची वाचते, हे त्याला विचारू नये.

डोळ्यांबाबत त्याचे म्हणणे अंधाऱ्या खोलीत पटते. उजेडात मात्र पांढऱ्यावरचे काळे अक्षरच बहुतेकांना सोपे जाते. चष्म्यात सिलिंडरचा नंबर असेल तर काळ्यावरचे पांढरे अक्षर पसरलेले दिसते. दुकान रस्त्याकडे उघडे, त्यामुळे दुपारी पडद्याचा आरसा होतो. संत्र्याच्या बागेचा खसरा काढायला आलेले आजोबा त्यात स्वतःचेच तोंड पाहून विचारतात, "काहून बापू, लाइन गेली का?"

खरी पंचाईत सरकारी वेबसाइटची. विंडोजची थीम खिडकीच्या चौकटीपाशी थांबते. आत समग्र आयडी या सरकारी ओळख क्रमांकाचे पान पांढरेफेक उघडते आणि काळोखाला सरावलेल्या डोळ्यांवर आदळते. सगळेच काळे करणारे एक्सटेन्शन टाकले, तर फॉर्ममधले काळे सही-शिक्के काळ्यात गडप. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा यादीत शोधताना तो डोळे बारीक करतो, आणि दोष वेबसाइटला देतो.

दुकानाचा मालक उजेडाच्या पक्षाचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दगडफेकीच्या गोटमारीला जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव उभे राहतात, तसे हे दोघे रोज कीबोर्डाच्या दोन बाजूंना. सकाळी मालक 'लाइट' लावतो, तो चहाला गेला की हा 'डार्क'. मॉनिटरवरचे ब्राइटनेसचे बटण मात्र दोघांपैकी एकानेही दाबलेले नाही. डोळ्यांची बरीचशी तक्रार तेवढ्याने मिटते.