ऊन आहे, लाइट नाही

इचलकरंजीला खेटलेल्या कबनूरमध्ये लाइट गेल्याचं आधी कानांना कळतं: मागांचा खडखडाट थांबतो. अशा वेळी ज्याच्या गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर आहे आणि ७८,००० रुपयांचं अनुदानही खात्यात जमा झालंय, त्या गृहस्थानं ऐटीत कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी चार्जरला लावावी. चार्जरचा दिवा ढिम्म! वर ऊन मी म्हणतंय, पॅनेल तव्यासारखी तापलीत आणि सूर्यनारायण लाइनीची वाट बघत बसलेत.

कारण साधं आहे. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर वीज गेली की मुद्दाम बंद होतो. नाहीतर खांबावरच्या वायरमनला आपल्या गच्चीवरचा शॉक बसेल. नियम रास्तच आहे, फक्त विकताना सांगायचा राहून जातो. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे जेमतेम ९० वॉट-तास. भर उन्हात ३ किलोवॉट सोलर एवढी वीज दोन मिनिटांत करतं. पण त्यासाठी आधी लाइट यावी लागते!

तेव्हा सोलर घेताना बिल किती वाचेल एवढंच विचारू नका. लाइट गेल्यावर काय चालेल, हेही विचारा. चालवायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि साठवणुकीची बॅटरी हवी. तेवढा खर्च झेपत नसेल, तर हातोडी-खिळे जवळ ठेवा.