कटप्पा आणि कौंडण्यपूर

२०१५ साली ‘बाहुबली’ने कटप्पाचा प्रश्न टांगणीला लावला आणि उत्तरासाठी देशाला २०१७ पर्यंत ताटकळत ठेवलं. तेव्हापासून ‘शेवट सांगू नका’ हा राष्ट्रीय शिष्टाचारच होऊन बसला. तिवसा तालुक्यातल्या, वर्धेकाठच्या कौंडण्यपुरात तो पाळायचा म्हटलं तर कीर्तनकारांनी करायचं काय? रुक्मिणीहरण तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक; तरी कथा रंगते, कारण उत्कंठा निकालापेक्षा डावात असते. भागवतातलं रुक्मिणीचं कृष्णाला लिहिलेलं पत्रच पाहा: लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला नगराबाहेर जाईन, तिथून न्या, म्हणजे अंतःपुरात शिरून नातलगांना मारायला नको. वेळ, जागा, वाट, टळणारा रक्तपात, सगळं सात श्लोकांत. ‘एज ऑफ एम्पायर्स’ या संगणकावरच्या खेळात एवढं साधायला आधी गावकऱ्यांकडून रानभर लाकडं तोडून घ्यावी लागतात.

कोणी म्हणेल, ही भक्ती आहे, थरार नव्हे. मग एकनाथांनी लग्नाआधी एवढी घनघोर लढाई का रंगवली? पुण्य तर थेट मंगलाष्टकांतही मिळालं असतं. खेळात हरण्याची शक्यता असते, इथे नाही, हा आक्षेप मात्र वजनदार. पण संगणकावर हरलेला सम्राट सेव्ह केलेला डाव उघडून पुन्हा चढाई करतो. कृष्णाकडून हरलेल्या रुक्मीला, रुक्मिणीच्या भावाला, ती सोय नव्हती. भादरलेल्या डोक्यानं तो कौंडण्यपुरात परतलाच नाही, भोजकट वसवून तिथेच राहिला.