भैरवीआधी उठणारे

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. आमच्या बदलापुरातून आगगाडीचे रूळ खोपोलीच्या दिशेने गेले ते १८५६ साली. ज्येष्ठतेचा मुद्दा कोणी काढलाच तर आम्ही एका वर्षाने वडील आहोत, एवढं नम्रपणे नमूद करतो. पुढे विद्यापीठ मोठं झालं आणि आम्ही लांब राहिलो, हा भाग वेगळा.

लांब म्हणजे सीएसएमटीपासून साधारण ६८ किलोमीटर. पण दादरचे नातेवाईक हे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. ते म्हणतात, "बदलापूर? वा! तिकडे हवा छान असेल." आपल्या गावच्या हवेचं कौतुक झालं की समजून घ्यावं, ही मंडळी आपल्याकडे कधीही येणार नाहीत.

या अंतरामुळे बदलापूरकराचं संगीताचं शिक्षण एका बाबतीत कायमचं अपुरं राहतं. दादर-पार्ल्याच्या मैफलीत त्याला विलंबित भरपूर मिळतो, द्रुत मिळतो, मध्यंतरातला वडाही मिळतो. शेवटची भैरवी तेवढी मिळत नाही. गायक भैरवीचा सूर लावतो तेव्हा हा रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांची माफी मागत बाहेर पडत असतो. गायकाला वाटतं, गाणं आवडलं नाही. शेवटच्या कर्जत लोकलचं वेळापत्रक त्याला कोण सांगणार? नाटकाचंही तेच. रहस्यनाट्याचा शेवट न बघता घरी आलेली माणसं आमच्या इमारतीत आहेत. दुसऱ्या दिवशी डब्यात चर्चा करून ती बहुमताने खुनी ठरवतात.

माणूस किती वर्षं भैरवीवाचून राहणार? शेवटी त्याने घराजवळच सोय केली. कल्याणच्या पुढची आमची तिन्ही गावं, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर, कलासक्त कशी झाली, याचं माझ्या मते हेच उत्तर आहे. संस्कृतीपर्यंत जाऊन परत यायला रोज तीन तास लागत असतील, तर ती घरीच करून खाल्लेली परवडते.

पुस्तकांचंच बघा. बदलापुरात 'ग्रंथसखा' नावाचं वाचनालय आहे. श्याम जोशी यांनी स्वतःच्या संग्रहापासून ते उभं केलं. दुर्मीळ मराठी ग्रंथ, कोश, जुन्या नियतकालिकांचे अंक असा ऐवज तिथे आहे आणि अभ्यासक तो बघायला मुंबई-पुण्याहून गाडी पकडून येतात. एवढ्यावर न थांबता याच वाचनालयाने 'स्वायत्त मराठी विद्यापीठ' मांडलं. विद्यापीठ लांब पडतं म्हणून कुरकुर करणारी गावं पुष्कळ असतील. लांब पडतं म्हणून स्वतःचंच काढणारं आमचं एक. माझ्यासारख्याला या विद्यापीठाचं मोठं आकर्षण म्हणजे इथे कपाटासमोर तासभर उभं राहिलं तरी हॉलतिकीट कोणी मागत नाही.

चित्रकारांचं गणित आणखी सोपं आहे. जे. जे. कलाशाळा सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर; पण तिथे शिकून बाहेर पडलेल्याला चार बाय सहाचा कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवता येईल अशी भिंत परवडते ती कल्याणच्या पुढेच. आमच्या शेजारी असा एक चित्रकार आहे. त्याच्या चित्रांचा आकार कलाविचाराने ठरत नाही, लोकलच्या मालडब्याच्या दाराने ठरतो. एकदा तो कॅनव्हास जुन्या चादरीत गुंडाळून प्रदर्शनाला निघाला होता. डब्यात वांगणीहून बसलेली भाजीवाली, तिच्या पालेभाजीच्या गाठोड्यांतून पाणी गळतंय.

"मावशी, जरा सरकवता का गाठोडं?"

"सरकवते की. देवाचा फोटो हाय का रं?"

"नाही हो, अमूर्त आहे."

"कुटला का देव असंना, ओला व्हायला नको," असं म्हणून मावशींनी आपल्या डोक्याखालचं पोतं चादरीवर टाकलं आणि घाटकोपरपर्यंत कोणाला तिथे टेकू दिलं नाही. प्रदर्शनात ते चित्र विकलं गेलं नाही, पण त्याला एवढं राखणारं माणूस मुंबईत पुढे कोणी भेटलं नाही, असं तो सांगतो.

फ्रेम करायची तर त्याला उल्हासनगरला जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्या बराकींत आले आणि १९४९ साली छावणीचं रीतसर उल्हासनगर झालं. पत्ते मात्र अजून 'कॅम्प नंबर चार' असेच सांगतात. लाकूड, कापड, काच, पत्रा, काहीही न्या. 'ऐसा बन जाएगा क्या?' या प्रश्नाला तिथे नकार मिळत नाही. आमच्या सोसायटीच्या गणपतीचं मखर आणि शाळेच्या संमेलनातलं सिंहासन तिथूनच येतं. खरेदी झाली की दाल-पकवान खायचं. पातळ, खुसखुशीत पकवानाचा तुकडा मोडून चणाडाळीत बुडवला की वरचा कच्चा कांदा आणि चटणी बरोबर हाताच्या कोपरापर्यंत येते. फ्रेमचं बिल त्याआधी खिशात ठेवलेलं बरं.

आणि मध्ये अंबरनाथ. तिथल्या काळ्या पाषाणाच्या शिवमंदिरावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. बाहेरच्या भिंतीवर हात ठेवायला मोकळी जागा सापडत नाही इतकं कोरीव काम, आणि आत पायऱ्या उतरून खाली गेलं की गाभारा अगदी साधा. १८६८च्या सुमारास सरकारने जे. जे.च्या विद्यार्थ्यांना या देवळाची रेखाटनं करायला आणि साचे घ्यायला पाठवलं होतं. म्हणजे आम्ही कलेसाठी मुंबईला जायला लागण्याच्या कितीतरी आधी मुंबईची कलाशाळा आमच्याकडे शिकायला आली होती. देवळाशेजारच्या वालधुनीने मात्र कारखान्यांच्या सांडपाण्यापायी एवढे रंग पाहिलेत, की तिच्यासमोर रंगपेटी उघडायचं चित्रकाराच्या जिवावर येतं. कलेचं प्रेम नदीपर्यंत पोचलं नाही, ही आमची उणीव मान्य केलीच पाहिजे.

याच मंदिराच्या परिसरात अलीकडे आर्ट फेस्टिव्हल भरतो. मोठे गायक-वादक येतात, चित्रकार नि शिल्पकार मांडवात बसून काम करतात, आणि मागे उजेडात न्हालेलं साडेनऊशे वर्षांचं देऊळ. अशाच एका रात्री मैफल रंगली असताना माझ्या पुढच्या रांगेत चुळबूळ सुरू झाली. दादरची मंडळी होती. घड्याळ बघितलं, पिशव्या सावरल्या, आणि भैरवीचा सूर लागायच्या आत गुडघ्यांची माफी मागत निघाली. त्यांची शेवटची गाडी होती. आम्ही मात्र मांडी ठोकून बसलो. भैरवी पुरी ऐकली, रिक्षावाल्याशी रीतसर हुज्जत घातली आणि घरी आलो.

तेव्हा वाचकहो, नुसतं हवेचं कौतुक करू नका, या. देऊळ बघा, ग्रंथसखाच्या कपाटांसमोर उभे राहा, दाल-पकवान खा. मुक्कामालाच या, म्हणजे भैरवी चुकणार नाही. फक्त रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉक कुठे आहे ते आधी पाहून घ्या.