चाचणी आपल्या फुप्फुसांवरही हवी

धाप लागते, कोरडा खोकला हटत नाही, फोटोत फुप्फुसावर जाळी दिसते. की लागलीच स्टेरॉइड सुरू! चार दिवसांत भूक लागते, हळूहळू तोंडावर गोलाई येते, घरचे म्हणतात गुण आला. आत वण वाढतच असतात.

या घाईची किंमत मोजून झालेली आहे. आयपीएफ म्हणजे कारण न सापडता फुप्फुस वणांनी कडक होत जाण्याचा आजार. आधी सूज, सुजेतून वण, म्हणून प्रतिकारशक्ती दाबा, असा हिशोब डॉक्टर वर्षानुवर्षं मांडत होते. प्रेडनिसोन, अ‍ॅझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टिन हे त्रिकूट सर्रास दिलं जाई. अमेरिकेतल्या ‘पँथर’ चाचणीत 77 जणांना ही औषधं आणि 78 जणांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. त्रिकूट घेणारे 8 जण दगावले, दुसऱ्या गटातला 1. इस्पितळात भरती करावे लागले 23, दुसरीकडे 7. ऑक्टोबर 2011 मध्ये त्रिकुटाचा तो भाग थांबवावा लागला. शेजारी तुलनेचा गट ठेवला नसता तर ही औषधं अजूनही बिनदिक्कत चालू राहिली असती.

म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी सगळी औषधं वाईट ठरत नाहीत. स्क्लेरोडर्मा या आजारामुळे फुप्फुस आखडत असेल तर मायकोफिनोलेटचा उपयोग होतो, हे चाचणीतूनच कळलं. संधिवाताच्या जातीच्या आजारांमुळे फुप्फुस बिघडलेल्यांवर ब्रिटनमध्ये रिटुक्सिमॅब आणि सायक्लोफॉस्फमाइडची तुलना झाली. फुप्फुसाची क्षमता दोन्हींनी सुधारली, रिटुक्सिमॅबचा त्रास मात्र कमी झाला. एका आजारात तारणारं औषध दुसऱ्यात मारतं. त्यामुळे आधी निदान. (जे स्टेरॉइड घेत आहेत त्यांनी हे वाचून गोळी आपल्या मनाने बंद करू नये, अचानक तोडणं धोक्याचं असतं.)

आता आपल्याकडे या. 19 शहरांतल्या 27 केंद्रांनी 2012 ते 2015 या काळात फुप्फुसाच्या अशा आजारांच्या 1084 भारतीय रुग्णांची नोंद केली. आयपीएफ निघाला सुमारे 14 टक्क्यांत. जवळजवळ निम्म्यांना होता श्वासातून गेलेल्या बुरशीने, पक्ष्यांच्या विष्ठेने वा पिसांनी प्रतिकारशक्ती चवताळून होणारा फुप्फुसदाह. कबुतरखान्यांवरून मुंबईत 2025 मध्ये रस्त्यावर भांडणं झाली. भांडणाऱ्यांतल्या कितींनी या आजाराने ऑक्सिजनवर असलेला माणूस पाहिला असेल?

हा धोका फक्त शहरात नाही. पुण्याजवळचा मावळ भाताचा मुलूख. पावसात भिजलेल्या, बुरशी धरलेल्या पेंढ्यात हात घालणाऱ्या शेतकऱ्याला हाच आजार होऊ शकतो. वैद्यकाच्या पुस्तकात त्याचं नावच ‘शेतकऱ्याचं फुप्फुस’ आहे. मावळातल्या शिरगावच्या अशा शेतकऱ्याला अ‍ॅझाथायोप्रिन द्यावं की मायकोफिनोलेट, किती काळ, याचं पक्कं उत्तर देणाऱ्या मोठ्या चाचण्या फारच थोड्या. परदेशातलं उत्तर इथे जसंच्या तसं लागूही पडत नाही. आपल्याकडे क्षयाचे जंतू असंख्य छात्यांत झोपलेले असतात. प्रतिकारशक्ती दाबली की तेच उठतात.

अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट ही औषधं जुनी, स्वस्त आहेत. त्यांच्या चाचणीवर खर्च करण्यात कुठल्या कंपनीला फायदा नाही. म्हणून पैसा सरकारने घालायचा. चाचणीतल्या औषधाने इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई 2019 च्या नियमांतच आहे. त्यात बुडणारी रोजंदारी आणि एसटीचं भाडं घाला. शिरगावहून तळेगाव जवळ आहे, तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. दर महिन्याची फुंकण्याची तपासणी आणि रक्त तिथेच घ्या. धापा टाकणाऱ्या माणसाला त्यासाठी पुण्या-मुंबईच्या फेऱ्या मारायला लावू नका.