मुदतवाढबाईंना अनावृत पत्र

सौ. मुदतवाढबाईंस,

मुंबई–गोवा महामार्गावर वेळेवर पोहोचणाऱ्या तुम्ही एकट्याच. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून काम होवो न होवो, तुम्ही हजर. खड्डे, धूळ, खिळखिळी झालेली पाठ यांबद्दल तक्रार नाही, ते अंगवळणी पडलंय. तक्रार आहे ती तुम्ही परस्पर वाटेला लावलेल्या धंद्यांची. कारखानदार वाईट रस्त्याला भीत नाही, बेभरवशाच्या रस्त्याला भितो. वाईट रस्त्याचं जादा भाडं हिशेबात धरता येतं. पण ट्रक सहा तासांत येईल की सोळा, हेच ठाऊक नसेल तर जादा साठा, जादा गोदाम आणि त्यावर बँकेचं व्याज. उलट, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. पुढच्या काही वर्षांत तळेगाव-चाकणला मोटारींचे कारखाने वाढले आणि त्यांच्यामागोमाग सुटे भाग बनवणारे आले. (चाकणची कोंडी आज बदनाम आहे, पण ती कारखाने आल्यावरची.) तुमच्या महामार्गावरच्या लोट्याला रासायनिक कारखाने आहेत, पण त्यांच्याभोवती तसा गोतावळा जमला नाही. कसा जमेल? गणपतीत इथे अवजड वाहनांना बंदी, ऑर्डरने थांबायचं. आणि सकाळी वाशीला पोहोचायची हापूसची पेटी दुपारी पोहोचली, की भाव उतरलेला.

तुमचे वकील म्हणतील, घाट आहे, पाऊस आहे. याच डोंगरांतून बोगदे खणून कोकण रेल्वे १९९८ मध्ये धावली. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळचा सावित्रीवरचा पूल वाहून गेला, तर नवा १६५ दिवसांत उभा राहिला. म्हणजे जमतं! त्यासाठी आधी माणसं भरलेल्या एसट्या नदीत जाव्या लागतात का? दुसरा युक्तिवाद जरा वजनाचा: चांगला रस्ता गावं रिकामी करतो. अहो, मुंबईचं गिरणगाव भरलं तेव्हा रत्नागिरीची माणसं बोटीनं गेली. जाणाऱ्याचं रस्त्यावाचून अडत नाही; परत येऊन शीतगृह टाकणाऱ्याचं अडतं. नुसत्या रस्त्यानं भागत नाही, वीज नि जमीनही लागते, कबूल. पण त्यांची बोलणी सुरू व्हायला माणूस आधी इथवर पोहोचावा लागतो.

खरं तर तुमचाही दोष किती? भूसंपादन रखडवायचं सरकारी खात्यांनी, काम अर्धवट सोडायचं ठेकेदारानं, आणि बोलणी खायला पुढे तुम्ही. तेव्हा पुढच्या खेपेला एवढंच करा: नव्या तारखेच्या कागदावर एक रकाना वाढवून घ्या. तारीख चुकली तर लोट्याच्या लघुउद्योजकाचं व्याज आणि देवगडच्या बागायतदाराचं नुकसान कोणाच्या पगारातून वळतं करायचं, त्याचं नाव. हुद्दा नको, नाव.