स्विंडनची सोमसूत्री

माध्यमिक शाळेत मी 31 वर्षे भूमिती शिकवली. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढता येतात आणि त्या समान लांबीच्या असतात, हे नाशिकमधल्या काही घरांत मी आधी आईला शिकवलं आणि वीस-बावीस वर्षांनी तिच्या मुलीलाही. त्यामुळे वर्तुळातून बाहेर पडायला मलाच जागा सापडणार नाही, असं कोणी म्हटलं असतं तर त्याला मी बाकावर उभं केलं असतं. पण तसं झालं. इंग्लंडात, स्विंडन नावाच्या गावी, मंगळवारी दुपारी, पावसात. शेजारी नवरा होता, म्हणजे साक्षीदारही होता.

आमच्या घरात गाडी मी चालवते. हे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. इगतपुरी, मनमाड, भुसावळ अशी 34 वर्षांची नोकरी. रूळ नसताना गाडी वळवणं हा यांच्या मते निव्वळ आगाऊपणा. "गाडीने सिग्नल द्यायचा नसतो, पाळायचा असतो," हे यांचं तत्त्व, आणि ते स्वतःलाही लागू. पायात चपला अडकवून निघतील, पण भाजी आणायला की काशीला, ते सांगणार नाहीत. मीही विचारत नाही. आपल्यात बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारलं की त्याचं काम होत नाही. शिवाय जाणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. उंबऱ्यातच डावा इंडिकेटर देऊन उजवीकडे वळणारी आपली जात. तिला ब्रिटिश सर्कलवर मोकळं सोडू नये.

माझी लेक रेडिंगला राहते. भारतीय लायसनवर ब्रिटनमध्ये बारा महिने गाडी चालवता येते, आणि लेकीने तिच्या गाडीच्या विम्यात माझं नाव घातलं होतं. पण किल्ली देण्याआधी तिने माझी शिकवणी घेतली. ओट्यावर पोळपाट ठेवला, चार बाजूंना चार चमचे लावले आणि एका हरभऱ्याची गाडी केली.

"पहिल्याच फाट्याला डावीकडे जायचं, तर डावी लेन आणि डावा इंडिकेटर. सरळ जायचं तर आत शिरताना इंडिकेटरच नाही. आपल्या आधीचा फाटा मागे पडला की मग डावा. उजवीकडे जायचं किंवा आलो तिकडेच परत फिरायचं, तर उजवी लेन, उजवा इंडिकेटर, मधल्या बेटाला धरून जायचं, आणि आपल्या आधीचा फाटा गेला की डावा देऊन बाहेर. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. रस्त्यावर बाण असतील तर आधी बाण, मग मी."

"आणि चारही दिवे कधी लावायचे?"

"ते गाडी बंद पडली तर."

मी गप्प झाले. मुंबई नाक्याच्या सर्कलवर मी 22 वर्षे गाडी चालवते आहे. सरळ जायचं असलं की चारही दिवे लावते आणि वळायचं असलं की यांना खिडकीतून हात काढायला सांगते. हे हात काढत नाहीत, तो भाग वेगळा. "म्हणजे इतकी वर्षं नाशिकला वाटत होतं की माझी गाडी..."

"नाशिकला काही वाटत नाही, आई."

मुंबई नाक्याचा नियम सोपा आहे. ज्याचं नाक आधी आत, नाका त्याचा. त्यावर जावयांनी शांतपणे सांगितलं की मोठा रस्ता ठरवून दिलेला नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं, हे आपल्याकडच्या नियमांतही लिहिलेलं आहे. माझा देश कोणत्या नियमाने चालतो हे मला रेडिंगच्या ओट्याशी कळलं. इंग्लंडातही हा नियम 1966 च्या नोव्हेंबरपासूनचा. त्याआधी आत शिरणारे बाहेर पडणाऱ्यांना अडवून ठेवत आणि अख्खं सर्कल तुंबत असे. याचा अर्थ 1966 पर्यंत तिथेही मुंबई नाकाच होता. मला जरा बरं वाटलं.

पहिले दोन दिवस मी छोट्या सर्कलवर काढले. गल्लीच्या तिठ्यावर रस्त्यात नुसता पांढरा गोल रंगवलेला असतो, तेच सर्कल. तो तुडवायचा नाही, वळसा घालूनच जायचं. हे मला पटकन जमलं. तिठ्यावरचा उतारा ओलांडायचा नाही, हे लहानपणापासून अंगात आहे.

घोळ झाला तो पुढच्या दिव्यांचा. समोरच्याने दिवे मारले की आपल्याकडे अर्थ होतो, "मी येतोय, बाजूला हो." एका अरुंद रस्त्यावर समोरच्या गाडीने दिवे मारले, मी मुकाट्याने थांबले. त्याने पुन्हा मारले. मी आणखी कडेला घेतली. त्याने तिसऱ्यांदा मारले, तेव्हा माझी गाडी कुंपणात होती. तो बिचारा "तुम्ही आधी या" म्हणत होता. त्यांच्या नियमावलीत दिव्यांचा अर्थ 'मी इथे आहे' एवढाच आहे, पण माणसं त्याने रस्ता देतात. आपण त्याच दिव्यांनी रस्ता काढून घेतो.

तर मंगळवार. लेक-जावई कामावर, आणि यांना स्विंडनचं रेल्वे म्युझियम पाहायचं होतं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना इथे 1843 मध्ये सुरू झाला आणि 1986 मध्ये बंद पडला. या रेल्वेचा इंजिनिअर ब्रुनेल याने आधी सात फुटांच्या गेजचे रूळ टाकले होते. "सात फूट!" हे दर दहा मिनिटांनी म्हणत. यांनी तीन तास म्युझियम पाहिलं. मी एक इंजिन पाहिलं, मग तेच पुन्हा पाहिलं.

तिथून एव्हबरीला निघालो. वाट मोबाईलमधली बाई सांगत होती. तिचं मी एक वळण चुकवलं, तिने मनात राग धरला आणि आम्हाला तिथे नेऊन सोडलं.

आधी पाटी दिसली. मध्ये एक गोल आणि त्याच्याभोवती पाच गोल. मला वाटलं हॉटेलची जाहिरात आहे, ताटात पाच वाट्या. पण तो रस्ता होता. 'मॅजिक राउंडअबाउट' म्हणतात त्याला. पाच रस्ते येऊन मिळतात, प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक छोटं सर्कल, आणि मध्ये मोठं. फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या इंजिनिअरने 1972 मध्ये हे मांडलं. सुरुवातीला प्रत्येक वाटीपाशी एक पोलीस उभा करावा लागला होता. आता पोलीस नाहीत, लोक शिकले आहेत. मी शिकले नव्हते.

"राउंडअबाउटवरून दुसरा रस्ता घ्या," बाई म्हणाली. मी उजवा इंडिकेटर दिला. "राउंडअबाउटवरून पहिला रस्ता घ्या." मी डावा दिला. "राउंडअबाउटवरून..." इथे माझा धीर सुटला आणि हाताने 22 वर्षांच्या सवयीने चारही दिवे लावले.

मागची एक व्हॅन लगेच अदबीने हळू झाली, अंत्ययात्रेमागून चालावं तशी. मी पुढे. फुटबॉलच्या मैदानाचे दिव्यांचे खांब एकदा डावीकडे दिसले, एकदा उजवीकडे, मग आरशात. समोरून गाड्या येत होत्या आणि त्याही बरोबरच चालल्या होत्या. हे मला कळत होतं, पण कसं ते कळत नव्हतं.

"ही दुसरी," हे म्हणाले.

"दुसरी काय?"

"प्रदक्षिणा. आणि उलटी चालली आहेस."

"अहो, गप्प बसा हो जरा!"

"अगं, सोमसूत्री आहे ही! शंकराच्या देवळात नाही का, तीर्थाच्या पन्हळीपर्यंत जायचं आणि आलो तसं उलट फिरायचं. बाहेरून सुलटी, आतून उलटी."

संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणखी एका गोष्टीचा राग होता. एवढं होऊन कोणी एकदाही हॉर्न वाजवला नाही. नाशिकला चुकलं की चार जण खेकसतात, पण त्यातला एक तरी खेकसताना रस्ता सांगतो. इथे सगळे सभ्यपणे थांबत होते आणि मी त्या सभ्यतेत गोल गोल बुडत होते.

तेवढ्यात काच खाली झाल्याचा आवाज आला. यांनी खिडकीतून हात बाहेर काढला होता. डावा हात, सरळ, खांद्याच्या रेषेत, जुन्या सिग्नलच्या पात्यासारखा. पावसात स्वेटरची बाही भिजत होती. "वळ," हे म्हणाले, "मी धरलाय." मी वळले. जो रस्ता आला त्यात घुसले आणि पुढे जागा मिळाली तिथे गाडी उभी केली. 36 वर्षांच्या संसारात या माणसाने दिलेला हा पहिला सिग्नल.

मागोमाग ती व्हॅनही थांबली. पन्नाशीचा एक माणूस उतरून खिडकीशी आला. गाडी बिघडली का, असं त्याने इंग्रजीत विचारलं. आम्ही दोघं तेव्हा एकमेकांना मराठीत बिघडवत होतो. ते ऐकून तो हसला आणि म्हणाला, "तुमी खंय वतात?"

स्विंडनमध्ये गोव्याची पुष्कळ माणसं राहतात, हे मला नंतर समजलं. हा म्हापशाकडचा होता. त्या क्षणी मला एवढंच जाणवलं की दोन तासांत पहिल्यांदा कोणीतरी सरळ विचारलं होतं, कुठे? अपशकुन वगैरे काही वाटलं नाही. रडूच आलं.

त्याने ओल्या बोनेटवर बोटाने काढून दाखवलं. मधल्या गोलाच्या नादी लागायचं नाही. बाहेरच्या बाहेर एकेक छोटं सर्कल घ्यायचं, प्रत्येक ठिकाणी उजवीकडच्याला आधी सोडायचं, आपला रस्ता आला की बाहेर. मग तो पुढे आणि आम्ही मागे. प्रत्येक वळणाला त्याचा दिवा वेळेवर लागायचा, वेळेवर विझायचा. त्याच्यामागे ते जादूचं वर्तुळ एका मिनिटात संपलं.

रात्री मी ते कागदावर काढलं. पाच चाकं घड्याळाच्या दिशेने फिरत असतील, तर त्यांच्या बाहेरच्या कडा ज्या दिशेने जातात त्याच्या उलट आतल्या कडा जाणारच. मधलं वर्तुळ उलटं फिरण्यात जादू नाही, साधी भूमिती आहे. आणि सोमसूत्रीचं यांचं म्हणणं बरोबर होतं. हे मी यांना सांगितलेलं नाही.

एव्हबरीला हजारो वर्षांपूर्वी उभे केलेले प्रचंड दगड आहेत. वर्तुळात. मी गाडीतून उतरले नाही.

त्या रात्री माझी चित्रं बघत लेक शेजारी येऊन बसली. लग्न होऊन इकडे येताना "दोनच वर्षं, आई" म्हणाली होती. त्याला नऊ वर्षं झाली. दर दिवाळीला मला वाटायचं, या फाट्याला बाहेर पडेल. "कुठे राहायचं ठरवलंयस गं?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं. तिने बराच वेळ हरभऱ्याशी चाळा केला. "इथेच घर घेतोय, आई. कसं सांगू कळत नव्हतं." मी म्हटलं, "सांगितलंस ना, झालं." मग उठून भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

नाशिकला परतल्यावर आठवड्याने मुंबई नाक्यावर गेले. उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं म्हणून थांबले. उजवीकडचे संपेनात आणि मागचे ऐकेनात. शेवटी शिरले, आणि आपल्या आधीचा फाटा मागे पडताच शास्त्रशुद्ध डावा इंडिकेटर दिला. शेजारचा रिक्षावाला ओरडला, "मावशी, दिवा चालू राहिलाय तुमचा!"

तेव्हा नाशिककरहो, मुंबई नाक्यावर डावा दिवा लुकलुकत असलेली पांढरी वॅगन-आर दिसली आणि तिच्या डाव्या खिडकीतून एक म्हातारा हात बाहेर आलेला असला, तर तिच्यात काही बिघाड नाही. ती खरोखरच डावीकडे वळणार आहे.