नेमाडपंथी फ्रेशरसाठी कंपनी-प्रवेशिका

ही पुस्तिका सगळ्यांसाठी नाही. बारावीच्या सुट्टीत ज्यांच्या हाती नेमाड्यांची 'कोसला' लागली, पुढे हॉस्टेलवर ज्यांनी रूम-पार्टनरला दुसरं काही वाचूच दिलं नाही, एका कटिंगवर ज्यांनी अख्खी दुपार काढली, आणि आता ज्यांना हिंजवडीतल्या कंपनीचं ऑफर लेटर आलंय, त्यांच्यासाठी ही आहे. 'दुनियादारी'वाल्यांना हिची गरज नाही. कट्टा त्यांच्या पाठोपाठ येतो. पहिल्याच आठवड्यात सिगरेट ओढायच्या जागेवर त्यांची गँग जमते आणि दिवाळीच्या आत त्यातल्या एकाचं कँटीनमध्ये जुळतंही. 'पार्टनर'वाल्यांचंही बरं चाललेलं असतं. 'पार्टनर' लिहिणारे वपु स्वतःच मुंबई महापालिकेत आर्किटेक्टची नोकरी करत होते. 'वासूनाका'वाले अॅडमिनमध्ये जातात आणि तिथे कुणाची कुणाशी लफडी चालली आहेत याची बित्तंबातमी ठेवतात. अडचण तुमची आहे.

तुमची अडचण अर्पणपत्रिकेपासून सुरू होते. 'कोसला' शंभरातल्या नव्याण्णवांना अर्पण केली आहे. ती वाचणारा प्रत्येक जण मात्र उरलेला शंभरावा आपणच, असं धरून चालतो. महाराष्ट्रात असे शंभरावे किती असतील याचा हिशेब कुणी मांडू नये. कंपनी तो मार्चमध्ये मांडते. त्याला अप्रेझल म्हणतात, आणि घंटेच्या आकाराच्या एका आलेखात तुम्ही मधल्या फुगीर भागात सापडता. तिथे खूप गर्दी असते. निम्म्यांनी 'कोसला' वाचलेली असते.

पहिला दिवस. गळ्यात पट्टा घालतात, तो घालून घ्यावा; निषेध म्हणून खिशात ठेवला तर दार उघडत नाही. इंडक्शनमध्ये एचआरची मुलगी सगळ्यांना गोल बसवून स्वतःबद्दल एक गंमतशीर गोष्ट सांगायला लावते. जगण्याला अर्थ नाही, ही गंमतशीर गोष्ट धरत नाहीत. आवडतं पुस्तक विचारलं की डावीकडून 'अल्केमिस्ट' आणि उजवीकडून 'रिच डॅड पुअर डॅड' येईल. तुम्ही 'कोसला' म्हणालात की कुणीतरी विचारेल, "ते कर्णावरचं का?" अशा वेळी 'मृत्युंजय'बद्दलची तुमची मतं गिळावीत आणि "नाही, दुसरं" एवढंच बोलावं. विचारणारा बहुतेक करून तुमचा टीम लीड निघतो.

पगार. 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर वडिलांच्या पैशांवर पुण्यात राहिला, हे तुमच्या बंडखोरीतलं सगळ्यात कच्चं कलम आहे. आता पैसे उलट्या दिशेने जायचे आहेत. म्हणून सीटीसी नीट समजून घ्यावी. त्यात तुमच्या मूळ पगाराच्या १२ टक्के जो पीएफ कापला जातो तो धरलेला असतो, कंपनी तिच्या वाट्याचा जो भरते तोही धरलेला असतो, आणि पाच वर्षं टिकलात तर मिळणारी ग्रॅच्युइटीही बऱ्याचदा आजच मोजलेली असते. व्हेरिएबल नावाची रक्कम म्हणजे कंपनीची सदिच्छा. तेव्हा वडिलांना हातात येणारा आकडा सांगावा, काकांना सीटीसी सांगावी.

आता मुख्य धडा. तुम्ही ज्याला आळसाचा महर्षी समजता त्या पांडुरंगाने कॉलेजात काय काय केलं ते परत उघडून बघा. तो हॉस्टेलवर पदं घेतो, वक्तृत्वमंडळाचा सेक्रेटरी होतो, मेस चालवायला घेतो. मेसचा कारभार त्याच्या अंगाशी येतो. ही पानं भक्तमंडळी भराभर उलटतात, कारण त्यांना मनीच्या मृत्यूपर्यंत पोचून रडायचं असतं. (रडावंच. धाकट्या बहिणीचं मरण मराठीत इतकं उघडंवाघडं फार थोड्यांनी लिहिलंय.) पण पहिल्या प्रोजेक्टच्या आदल्या रात्री वाचायचं ते मेस. चार लोकांच्या भल्यासाठी एक जण पुढे होतो, बाकीचे खाऊन जातात, आणि वर्षाच्या शेवटी तुटीची वही एकट्या त्याच्या हातात उरते. आयटी कंपन्यांत याला ओनरशिप म्हणतात आणि ती घेतल्याबद्दल सर्टिफिकेट देतात. ते ईमेलने येतं, त्यावर तुमचं आडनाव चुकलेलं असतं. ते दुरुस्त करून मागू नये. दुरुस्तीसाठी तिकीट काढावं लागतं आणि ते तिकीट फिरत फिरत तुमच्याकडेच येतं.

भाषेच्या बाबतीत तुमची पूर्वतयारी उत्तम आहे, फक्त वापर जपून करावा. या कादंबरीने एका पिढीचा कान तयार केला. भारदस्त वाक्य सुरू झालं की त्यात 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' घुसडून त्याची हवा काढायची सवय लावली. मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणेल की आपण सगळे एका पानावर यायला हवं, स्टेकहोल्डरना अलाइन करायला हवं आणि आधी हाताशी असलेली फळं तोडायला हवीत. तुमच्या डोक्यात एक 'वगैरे' उमटेल. तो तिथेच राहू द्यावा. मेलमध्ये तर बिलकुल नको. उदाहरणार्थ काम झालं आहे, असं लिहिलंत तर मॅनेजर ते तसंच क्लायंटला पुढे पाठवेल, आणि तो क्लायंट बाकी उदाहरणं मागेल. "तुझ्याकडे बँडविड्थ आहे का?" असं गोड आवाजात विचारलं तर शनिवार गेला.

राजीनाम्याचा विचार दर सोमवारी येतो. तो आला की नेमाड्यांचं चरित्र काढावं, कादंबरी नव्हे. 'कोसला' १९६३ ची. लेखक तेव्हा पंचविशीत. त्यानंतर हा माणूस काही डोंगरावर जाऊन बसला नाही. नगर, धुळे, औरंगाबाद, लंडन, गोवा अशी शिकवण्याची नोकरी करत करत मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या अध्यासनावर पोचला आणि रीतसर निवृत्त झाला. २०१४ चं ज्ञानपीठही घेतलं. किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' खिशात ठेवून नोकरीला शिव्या देणाऱ्यांना कुणी सांगत नाही, की नगरकर जाहिरातीच्या धंद्यात काम करत होते. काफ्काचं तर विचारूच नका. प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत तो १९०८ पासून १९२२ पर्यंत होता आणि त्याला बढत्याही मिळाल्या. त्याचा ग्रेगोर साम्सा सकाळी किडा होऊन उठतो आणि त्याला पहिली काळजी लागते ती गाडी चुकल्याची. थोड्या वेळात ऑफिसातला वरिष्ठ कारकून चौकशीला घरीच येतो. वर्क फ्रॉम होमवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

माझं तर स्पष्ट मत आहे की नोकरदाराने 'कोसला' घरी ठेवावी आणि 'बिढार' घेऊन बसमध्ये चढावं. १९७५ ते १९७९ या काळात नेमाड्यांनी 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' अशा चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतला चांगदेव पाटील गावोगावच्या कॉलेजांत मास्तरकी करत फिरतो. संस्थाचालक, जातीचं राजकारण, भाड्याची खोली, सहकाऱ्यांची उणीदुणी, आणि परत नवं गाव. चहाच्या टपरीवर मिरवायला या चौकडीचा उपयोग नाही, म्हणून तिचे भक्त कमी. पण तीन वर्षांत दोनदा कंपनी बदललेल्या, वाकड सोडून खराडीला डिपॉझिट भरलेल्या माणसाने ती वाचायला घेतली तर खाली ठेवणार नाही.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. एवढं सांगूनही 'कोसला' ऑफिसात आणलीत, तर टेबलावर पुस्तक दिसलं की कुणीतरी ते मागतंच, बहुधा टेस्टिंगमधला एक शांत मुलगा. द्यावं. मात्र त्याच्या नोटीस पीरियडवर लक्ष ठेवावं. कंपनीच्या नो ड्यूज फॉर्ममध्ये लॅपटॉप असतो, चार्जर असतो, ड्रॉवरची किल्ली आणि गळ्यातला पट्टासुद्धा असतो. उसनी नेलेली कादंबरी कुठल्याच रकान्यात नसते, त्यामुळे ती परत आल्याशिवाय कुणाचा फुल अँड फायनल अडत नाही. शेवटच्या आठवड्यात स्वतः त्याच्या जागेवर जाऊन मागावी. मेसपर्यंत आलोय, असं तो म्हणाला तर पुस्तक त्याच्याकडेच राहू द्यावं आणि संध्याकाळी अप्पा बळवंत चौकातून दुसरी प्रत आणावी.